परसदारासाठी बदकाची जात निवडताना

कुडाळजवळच्या आमच्या घराच्या परसदारी बदके पाळायचे ठरले, तेव्हा घरात प्रत्येकाची अपेक्षा वेगळी होती. मला अंडी हवी होती, मुलीला हातातले दाणे टिपणारा पक्षी हवा होता आणि शेजारच्या काकूंची एवढीच अट होती की पहाटे कलकलाट नको. या तिन्ही गोष्टी एकाच जातीत सापडत नाहीत, हे चौकशी करताना हळूहळू लक्षात येत गेले.

मुलीची पसंती अर्थातच पांढऱ्या पेकिनला होती, कारण चित्रातले बदक म्हणजे तेच. स्वभावाने ते खरोखरच शांत असते. परंतु ही जात मुख्यतः मांसासाठी वाढवली जाते, तिचे वजन तीन-चार किलोपर्यंत जाते आणि खाणेही त्याच मानाने असते. अंडी मात्र वर्षाला दीडशेच्या आसपासच मिळतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली मस्कोव्ही काकूंच्या अटीत चपखल बसली असती, कारण तिची मादी जवळजवळ मुकीच असते. ती स्वतः 35 दिवस अंड्यांवर बसून पिल्लेही काढते, पण बसली की अंडी देणे थांबवते. शिवाय ती चांगली उडते, त्यामुळे ती कौलांवर जाऊन बसण्याची भीती होतीच.

शेवटी मी खाकी कॅम्पबेल निवडली. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या अॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात तयार केली. भरपूर अंडी देणाऱ्या रनर जातीची मादी आणि अंगाने भरदार अशा रूआं जातीचा नर यांच्या संकरात त्यांनी पुढे रानबदकाचे रक्तही मिसळले. (ज्या रनरला ‘इंडियन’ म्हटले जाते, तिचे मूळ जावा-लोंबोककडचे आहे, ही गंमत वेगळीच.) पिसांचा रंग त्या काळच्या इंग्रज सैनिकांच्या गणवेशासारखा, म्हणून ‘खाकी’ हे आपल्याकडचेच नाव तिला मिळाले. चांगल्या जोपासनेत ही बदकी वर्षाला 280 ते 300 अंडी देते, आणि वजन जेमतेम दोन किलो असल्यामुळे खाण्याचा खर्चही आवाक्यात राहतो.

तिचा दोष म्हणजे बुजरेपणा. अंगावरून कावळा गेला तरी सगळा थवा एका कोपऱ्यात दाटून उभा राहतो. म्हणून पहिले तीन आठवडे मुलगी रोज संध्याकाळी खुराड्याजवळ पाट टाकून भिजवलेल्या तांदळाच्या कण्या तळहातावर धरून बसत असे. चौथ्या-पाचव्या दिवशी एका पिल्लाने मान लांब करून तिच्या बोटांच्या बेचक्यातली कणी ओढली, मग लगेच बाजूच्या घमेल्यात चोच बुडवली, आणि तीच चिखलाळ ओली चोच पुन्हा तळहातावर आणली. खाकी कॅम्पबेल मांडीवर बसून लाड करून घेणार नाही, परंतु आज वाटीचा आवाज ऐकताच पाचही बदके रांगेने धावत येतात. परसदारच्या पक्ष्याकडून याहून अधिक मैत्री अपेक्षिणे मला अवाजवी वाटते.

खरी फसगत झाली ती खरेदीत. सहाही पिल्ले माद्याच आहेत, असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. आठव्या आठवड्याच्या सुमारास चौघींना खणखणीत आवाज फुटला आणि दोघांचा घसा बसल्यासारखा घोगराच राहिला; पुढे त्यांच्या शेपटीवर वळलेली पिसे दिसली, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. एक नर मी देऊन टाकला. नुसती खाण्यासाठी अंडी हवी असतील, तर नराची गरजच नसते. काकूंच्या दृष्टीने मात्र हा उलटाच न्याय झाला, कारण गप्प बसणारा तो नर आणि ओरडणाऱ्या त्या अंडी देणाऱ्या!

सहाव्या महिन्यात अंडी सुरू झाली. बदकी बहुधा पहाटे अंडी घालते, त्यामुळे नऊ वाजेपर्यंत खुराडे उघडायचे नाही, असा आमचा नियम आहे. तो मोडला त्या दिवशी अंडे अळवाच्या वाफ्यात शोधावे लागले. तळ्याची आवश्यकता नाही. चोच, नाकपुड्या व डोळे धुता येतील एवढे खोल घमेले पुरते. पावसाळ्यात बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड मात्र चुकूनही घालू नये, कारण त्या बुरशीच्या विषापुढे बदक कोंबडीपेक्षा फार लवकर हार मानते. ही जात खुडूक क्वचितच होते, म्हणून पिल्ले हवी असल्यास अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात आणि तिला 21 ऐवजी 28 दिवस बसवावे लागते.

पुढच्या खेपेस मी एक दिवसाची पिल्ले घेणार नाही. दर थोडा अधिक पडला तरी आवाज फुटलेली, दोन महिन्यांची पिल्ले घेईन आणि पैसे देण्यापूर्वी प्रत्येकीला ओरडताना ऐकेन.