कॉल काही आला नाही
सकाळी मेल आला, ‘मीटिंग इज कॉल्ड ऑफ’. मी घाईत ‘कॉल’ तेवढा वाचला आणि फोन समोर ठेवून तासभर बसले. आता येईल, मग येईल! शेवटी सहकारी हसत म्हणाली, अगं, मीटिंग रद्द झालीये. पुढे ढकलली असती तर ‘पुट ऑफ’ लिहिलं असतं. वर आणखी एक मेख: ‘इट’ घालायचं तर मधेच, ‘कॉल इट ऑफ’. ‘कॉल ऑफ इट’ चालत नाही. कसली ही भाषा, म्हणून चिडले. मग आठवलं, आपण तरी ‘तो रागात बोलून गेला’ म्हणतो आणि स्वारी तिथेच बसलेली असते! ‘खाऊन टाक’ म्हटल्यावर ताट कुणी फेकत नाही. फुकट मिळालेला तास मात्र गेला तो गेलाच.