तीन सांबार

परवा दुपारी माळ्यावरचे डबे पुसत होते. एका स्टीलच्या डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर आईच्या अक्षरात 'शेंगदाणे'. पट्टी कडेने सुटत आली होती, म्हणून नखाने ओढली, तर खाली आणखी एक. पिवळी पडलेली, शाई उडालेली. तिच्यावर 'फल्लीदाणे'.

आई अमरावतीची. लग्न होऊन आली ती थेट लालबागच्या चाळीत, मालवणी घरात. तिच्या माहेरी कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आजीच्या मालवणीत सांबारां म्हणजे काळ्या वाटाण्याचं, वाटपाचं, आंबोळीबरोबर खायचं. ही माहिती दोघींनी एकमेकींना द्यावी असं दोघींनाही वाटलं नाही. का वाटावं?

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात एका रात्री आजी म्हणाली, "फाल्यां सांबारां करूचां आसा, तयारी करून ठेव." आईने दोन जुड्या कोथिंबीर निवडली, धुतली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. एवढ्या कोथिंबिरीचं ही माणसं करतात तरी काय, असं तिच्या मनात आलं म्हणे, पण नवी सून विचारणार कुणाला? सकाळी आंबोळीचं पीठ मस्त फुगलेलं, बिडाचा तवा तापलेला. आजीने विचारलं, "अगो, वाटाणे खंय?" आईने फडकं सोडून दाखवलं.

वाटाणे रात्रभर भिजायला हवेत, त्यामुळे इलाज नव्हता. शेवटी बाबा कडीचा डबा घेऊन नाक्यावरच्या उडप्याकडे गेले आणि तिसरंच सांबार घेऊन आले. "सांबारच हवं होतं ना?" आंबोळ्या त्याच्यात बुडवून सगळ्यांनी खाल्ल्या. आजी सोडून. कोथिंबिरीच्या मग वड्या झाल्या, त्या आजीने खाल्ल्या.

हा किस्सा आमच्याकडे दर सणाला निघायचा. आई दर वेळी हसायची.

तिच्याकडे बटाटा आलू होता, लाल भोपळा कोहळं होता. इकडे कोहळा म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या दारात टांगतात तो पांढरा. तो घरात शिजणार या कल्पनेनेच शेजारच्या काकू घाबरल्या होत्या. दोडका इकडे शिराळं. (पोळी की चपाती यात मी पडत नाही. तो वाद आमच्याकडे भाकरीने मिटवला, ती सगळ्यांची भाकरीच.)

बटाटा, पाव, पेरू, काजू हे सगळे पोर्तुगीजांबरोबर समुद्रातून आलेले शब्द. 1661 साली त्यांनी मुंबई हुंड्यात देऊन टाकली, बटाटा मात्र इथेच ठेवला. आईचा आलू जमिनीवरून चालत आला असणार, आणि आमच्या चाळीचा जिना काही त्याला चढता आला नाही.

पेरूला ती जांब म्हणायची. म्हणजे मावशी आली की म्हणायची. एका मे महिन्यात मावशीने मला पैसे देऊन जांब आणायला धाडलं. मी फळवाल्याकडून पांढरे जाम आणले, आठवीत असूनही. मुंबईतले ते गुळगुळीत, घंटेसारखे. मावशीने एक चावला. "हे काय पाणीच आणलं वं पोट्टे?" आणि दोघी बहिणी जमिनीवर बसून, मीठ लावून, अख्खी पिशवी संपवेपर्यंत हसत होत्या. त्या आठवड्यात आमच्या घरात फल्ली होती, सांबार होता, आलूही होता. मावशी गाडीत बसली आणि दादर स्टेशनवरून घरी येताना आई भाजीवाल्याला म्हणाली, "बटाटे कसे दिले?"

तिला कुणी टोकलं असेल असं नाही वाटत. आमची माणसं तशी नव्हती. वाण्याने एकदा "काय?" म्हटलं असेल, दुसऱ्यांदा म्हटलं असेल, तिसऱ्यांदा तिनेच शब्द बदलला असेल. वरची पट्टी कधी चिकटवली, विचारायला हवं होतं. ती होती तेव्हा मी कधी डबे पुसले नाहीत.

वरची पट्टी आता परत चिकटत नाहीये. खालचीच ठेवली. डब्यावर फल्लीदाणे, आत बंद पडलेले तीन चार्जर.