पत्ते उडत नाहीत

दुपारी भाचा आला आणि माझा जुना कॉम्प्युटर उघडून बसला. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच बंद झाले, अकरा या मशीनवर चढणार नाही, वगैरे ऐकवून म्हणाला, ‘‘मावशी, विंडोजऐवजी लिनक्स टाकू का?’’ मला हसूच आलं.

२००६ मध्ये हेच मी बाबांना विचारलं होतं. तेव्हा उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्याच एका अवताराची, सीडी नुसती मागितली की पोस्टाने फुकट यायची. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात ते परदेशी पाकीट आलं, तेव्हा बाबांनी दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. ‘‘फुकट? मग काहीतरी खोट असणार.’’ (पेठेतला माणूस, दुसरं काय म्हणणार!)

घरात विंडोज एक्सपी होतं. तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून जुळवलेला कॉम्प्युटर, वर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. एक्सपीत भारतीय भाषांची खूण करून ठेवली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर लोंबकळायची. उबुंटूत ‘शनिवार’ पहिल्या फटक्यात सरळ उमटला. माझ्या लेखी सामना तिथेच संपला.

बाबा ‘‘छान’’ म्हणाले आणि पत्त्यांचा डाव लावून बसले. डाव सुटला. पडदा ढिम्म.

‘‘उडत नाहीत?’’

एक्सपीच्या सॉलिटेअरमध्ये डाव सुटला की पत्ते टप्पे खात, मागे आपल्याच प्रतींची माळ सोडत पडद्याबाहेर जायचे. शेवटचा पत्ता जाईपर्यंत बाबा हाताची घडी घालून बघायचे. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारलेली चालायची नाही. मी लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स, १९९१, फुकट आणि मोकळं यांतला फरक, सगळं सांगितलं.

‘‘असेल. पण उडत नाहीत.’’

शेवटी दोन्ही ठेवली. सुरू करताना यादी यायची आणि दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर उबुंटूच चालू व्हायचं. म्हणून बाबा बटण दाबून खुर्चीत बसायचेच नाहीत. बाणाच्या कळीवर बोट ठेवून, वाकून उभे. आठवडाभराने मी गुपचूप एक्सपी आपोआप सुरू होईल असं करून ठेवलं. तरी ते उभेच राहायचे.

चहा होईस्तोवर भाच्याने विंडोज पुसून लिनक्स टाकलंसुद्धा. आता यादी येत नाही. बटण दाबलं की सरळ आत.