रायफलच्या रिसीव्हरमधले आटे गेले तेव्हा

ऑक्टोबरमध्ये रेंजवर गेलो होतो. इथं पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल सीझन सुरू होतो, आणि त्याच्या आधी आपली रायफल बघतो तिथंच मारते की नाही हे तपासणं मी कर्तव्यच समजतो, कारण गोळी चार इंच इकडंतिकडं गेली तर जनावर मरत नाही, जखमी होऊन झाडीत तडफडत राहतं. माझी रायफल म्हणजे रेमिंग्टन ७००, थर्टी-ऑट-सिक्स (हे काडतुसाच्या साइजचं नाव), जुनी, सेकंडहँड घेतलेली. शंभर यार्डावर तीन गोळ्या दीड इंचात बसायच्या. त्या दिवशी सहा इंचात पसरल्या. आधी वाटलं वारा असेल, मग वाटलं आपलाच हात हलतोय, परत तीन मारल्या तर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, अजून खाली सरकलेला.

मग स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, हातात धरून हलवून बघितला आणि पुढचा बेस जरासा, अगदी जरासा हलला. बेस म्हणजे स्कोपखालची पट्टी, ती रिसीव्हरवर, म्हणजे बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात त्या रायफलच्या मुख्य भागावर, स्क्रूंनी आवळलेली असते. पोटात गोळाच आला.

हे "जरासं" किती महाग पडतं बघा. स्कोपला धरणारी पुढची आणि मागची रिंग यांच्यात साधारण १०० मिलिमीटर अंतर असतं. पुढचा बेस ०.१ मिलिमीटर उचलला गेला, म्हणजे केसाच्या जाडीएवढा, तर कोन हजारात एक एवढा बदलतो आणि शंभर यार्डावर गोळी साडेतीन इंच सरकते. म्हणून स्कोप कितीही भारी घ्या, त्याच्याखालचे चार बारके स्क्रू नीट नसतील तर सगळा खर्च पाण्यात.

घरी आल्यावर बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा, काढला, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं दोनदा तपासलं, मग स्कोप उतरवला. पुढच्या बेसचा पहिला स्क्रू फिरवला तर तो नुसताच गोल गोल फिरतोय, वर येईना. चिमट्यानं ओढून काढला तर त्याच्या आट्यांमध्ये स्टीलची बारीक चकचकीत तार गुंडाळलेली. ती तार म्हणजे रिसीव्हरचे आटे. नवीन स्क्रू आणून लावला, तोही फिरतच राहिला, म्हणजे स्क्रूचा प्रश्नच नव्हता.

आटे का गेले हे कळल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. शेवटी व्हर्नियरनं मोजल्यावर सापडलं. या रायफलचं सगळ्यात पुढचं भोक आरपार मोकळं नाही, त्याच्याखाली बॅरलचा आट्यांचा भाग येतो. म्हणून तिथला स्क्रू आखूड लागतो. आधी कुणीतरी स्क्रूंची अदलाबदल करून तिथं लांब स्क्रू बसवला होता, आणि मी रायफल घेतली तेव्हा तो तपासला नव्हता, चूक माझीच. लांब स्क्रू खाली बॅरलला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण बेस मात्र दाबलाच जात नाही. मग माणूस अजून जोर लावतो, तेव्हा स्क्रू बॅरलवर रेटून स्वतःला वर ढकलतो आणि रिसीव्हरचे आटे खरवडून निघतात. त्याच्या मागच्या भोकात लांब स्क्रू गेला तर वेगळा त्रास, तो आत येऊन बोल्टला अडतो, बोल्ट बंद होत नाही, त्यामुळं तिथली चूक लगेच कळते. पुढची कळत नाही.

आणि जोर किती लागतो? फार नाही. या स्क्रूंना साधारण २० इंच-पाउंड टॉर्क पुरतो. तीन इंची ॲलन कीच्या टोकाला तो जेमतेम तीन किलोचा दाब होतो. हाताला सवय असते सायकल-गाडीचे नट आवळायची, तीन किलो म्हणजे काहीच वाटत नाही, म्हणून माणूस दुप्पट देतो.

मी कोल्हापूरचा, आबांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळं आटे गेले की पुढं काय करायचं हे लहानपणापासून बघितलंय. तरी रात्री आबांना व्हिडिओ कॉल लावला, इकडं रात्र म्हणजे तिकडं सकाळ, चहा पीत बसले होते. स्क्रू कॅमेऱ्यासमोर धरला. आबांनी चष्मा वर केला आणि पहिलं विचारलं, "भोकाखाली काय हाय?" म्हटलं आबा, खाली बॅरल आहे, आणि त्याच्या आत जिथं काडतूस फुटतं ते चेंबर. मग ते बराच वेळ गप्प बसले. "मग खोलीला स्टॉपर लावल्याशिवाय ड्रिल मारू नगंस. आन् घाईत तर अजिबातच नगंस."

नेटवर शोधलं तर अर्धे लोक म्हणतात इपॉक्सी भरा आणि स्क्रू दाबा, किंवा लोकटाइट ओता. हे मला मनापासून पटत नाही. लोकटाइट आट्यांमधली बारीक फट भरून स्क्रू सैल होऊ देत नाही, पण धरायला आटाच नसेल तर तो काय धरणार. स्टील मिसळलेली इपॉक्सी बेसच्या खाली, बेस आणि रिसीव्हरमधली फट भरायला वापरतात ते बरोबर आहे, मीही पुढं तेच केलं, पण ती आट्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरा सल्ला वेल्डिंग करून भोक बुजवायचा. तो तर धोक्याचा आहे. रिसीव्हर हीट ट्रीटमेंट केलेला असतो, थर्टी-ऑट-सिक्सचा दाब ६०,००० पीएसआयपर्यंत जातो आणि बोल्टचे लग, म्हणजे पुढचे खुंट, नेमके रिसीव्हरच्या त्याच पुढच्या गोल भागात (त्यालाही रिंगच म्हणतात) अडकून तो दाब झेलतात. ते स्टील तापवून मऊ केलं तर समोर तुमचा स्वतःचा चेहरा असतो. हेलिकॉइलला, म्हणजे भोकात बसवायच्या तारेच्या आट्यांना, मूळ भोकापेक्षा बरंच मोठं भोक लागतं, तेवढी भिंतच तिथं नाही.

बरोबर उपाय जुना आहे आणि गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे लोक, तोच करतात. मूळ स्क्रू ६-४८, म्हणजे ३.५ मिलिमीटर व्यास आणि इंचाला ४८ आटे. त्याच्यावरची साइज ८-४०, ४.१७ मिलिमीटर आणि इंचाला ४० आटे. ८-४० च्या टॅपआधी (टॅप म्हणजे भोकात आटे कापायचं हत्यार) २८ नंबरचं ड्रिल मारतात, ते ३.५७ मिलिमीटर. हा आकडा बघून मला फार आनंद झाला, कारण ३.५७ म्हणजे ३.५ पेक्षा केसभर मोठं, म्हणजे जुने खराब आटे पूर्ण साफ होतात आणि धातू गरजेपेक्षा जास्त जात नाही. वर नवीन स्क्रूचा छेद जुन्यापेक्षा ४० टक्क्यांनी मोठा. फक्त एक लक्षात ठेवा, ८-४० चा टॅप साध्या हार्डवेअर दुकानात मिळत नाही, तिथं ८-३२ मिळतो आणि "जवळपास तोच" म्हणून तो मारायचा मोह होतो. तो मारू नका, आटे इतके जाड की पातळ भिंतीत मोजके तीन-चारच बसतात.

हे काम मी घरच्या हँडड्रिलवर केलं नाही. एका लायसन्सवाल्या म्हाताऱ्या गनस्मिथकडं गेलो, त्यांनी मला शेजारी उभं राहू दिलं, टॅपचं हँडल माझ्या हातात दिलं. त्यांनी आधीच सांगितलं की एकच भोक नको, चारही ८-४० करू, कारण एक नवा जाड स्क्रू आणि तीन जुने बारीक असा संसार परत गोंधळ घालतो. चारही करताना अजून एक फायदा, मूळ भोकं एका रेषेत नसतील तर तीही सुधारता येतात, पण त्याला ड्रिल चालत नाही, ड्रिल जुन्या भोकाच्या मागं मागं वाकडं जातं, बाजूनंही कापणारं एंडमिलच लागतं. माझी मागची भोकं खरंच थोडी डावीकडं होती.

बॅरल काढलं नाही, काढलं की हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातली काडतुसाची जागा, परत तपासायला लागतो. रिसीव्हर मिलिंग मशीनच्या व्हाइसमध्ये लेव्हल केला, डायल इंडिकेटर फिरवून भोकाचा मध्य धरला, याला चाळीस मिनिटं गेली आणि प्रत्यक्ष भोक पाडायला चाळीस सेकंद. पुढच्या भोकाची खोली आधी मोजून स्टॉप लावला. मग टॅप स्पिंडलखाली सेंटरला टेकवून सरळ धरला, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, कटिंग ऑइल भरपूर. आरपार भोकांना टेपर असलेला टॅप चालतो, पण पुढच्या आंधळ्या भोकात शेवटी तळापर्यंत आटे कापणारा बॉटमिंग टॅपच लागतो, नाहीतर खालचे दोन आटे अर्धेच राहतात आणि तिथं एकूण आटेच मोजके. हाताला टॅप कापतोय की अडतोय हे कळतं, कापतानाचा तो मऊ करकर आवाज उद्यमनगरात रोज ऐकलेला, इतक्या वर्षांनी इथं ऐकून घसा दाटला.

दुसऱ्या भोकातून टॅप आत निघाला की आतल्या बाजूला बर, म्हणजे धातूची धारदार कड, राहतो, तो बारीक स्टोननं घासून काढला, नाहीतर बोल्टवर ओरखडा. बेसची भोकंही मोठी केली, हेड बसायची जागा धरून. सगळं ॲसिटोननं धुतलं. मग प्रत्येक स्क्रूची लांबी वेगळी ठरवली: बेसची जाडी अधिक भोकाची खोली, त्यातून अर्धा आटा कमी. एकेक स्क्रू एकटाच आवळून बेस घट्ट बसतो का आणि बोल्ट मोकळा फिरतो का बघितलं. शेवटी बेसखाली इपॉक्सीचा पातळ थर, आट्यांना जांभळं लोकटाइट, टॉर्क २५ इंच-पाउंड, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर पांढऱ्या पेंटची बारीक रेघ, हलला तर रेघ तुटेल.

भारतातून वाचणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, तिथं बंदुकीची दुरुस्ती आर्म्स ॲक्ट १९५९ खाली लायसन्सशिवाय करता येत नाही, तुमच्याकडं स्वतःचं लायसन्स आणि स्पोर्टिंग रायफल असली तरी काम लायसन्सवाल्या दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. इथं स्वतःच्या रायफलवर स्वतः काम करायला कायदा आड येत नाही, तरीही रिसीव्हरच्या पुढच्या रिंगला मशीन नसताना हात लावू नका.

परवा रेंजवर वीस गोळ्या मारल्या. तीन-तीनचे ग्रुप पुन्हा दीड इंचात. चारही रेघा अखंड. आबांना फोटो पाठवला, त्यांनी टार्गेटबद्दल काही विचारलं नाही, फक्त लिहिलं, "टॅप पुसून तेल लावून ठेवलास का?"