कॅनडात व्हॉलंटिअर फायरफायटरला मिळणारं टॅक्स क्रेडिट : माझा अनुभव

आम्ही ब्रिटिश कोलंबियात एका छोट्या गावात राहतो. इथे पगारी फायर ब्रिगेड नाही, गावातलीच माणसं कमरेला पेजर लावून फिरतात आणि तो वाजला की हातातलं काम टाकून बंबाकडे पळतात. मीपण त्यातलाच. आईला अजून वाटतं मी इथल्या नगरपालिकेत चिकटलोय.

तर २०२४ चं रिटर्न भरायच्या वेळी फायर हॉलवर एकच चर्चा, की क्रेडिट ३,००० चं ६,००० डॉलर झालंय. पोरं खुश, जणू ६,००० खिशातच पडणार. तसं काही नसतं हो. २०२४ साठी त्या रकमेच्या १५ टक्के, म्हणजे ९०० डॉलर फेडरल टॅक्समधून कमी झाले (२०२५ साठी दर १४.५ झाला, म्हणून ८७०), प्रोव्हिन्सचं वेगळं, तेव्हा ३,००० वर ५.०६ टक्क्यांनी दीडशेच्या आसपास, आणि टॅक्सच लागत नसेल तर हातात शून्य, कारण हे रिफंडेबल नाही.

अट वर्षाला किमान २०० तासांची. ऐकून मला टेन्शन आलेलं, एवढ्या आगी लागतात कुठे आमच्याकडे! पण कॉलवर जाणं, ऑन-कॉल राहणं, मीटिंगा, ट्रेनिंग सगळं धरतात. उपकरणांची देखभाल वगैरे दुय्यम कामात जाते, तेही मोजतात पण ते तास मुख्य कामापेक्षा कमीच हवेत. चीफकडून तासांचा आकडा आणि सही असलेलं पत्र घेऊन ठेवलं. रिटर्नसोबत पाठवावं लागत नाही, पण सीआरएने (इथल्या टॅक्स खात्याने) मागितलं तर दाखवावं लागतं, आणि चीफ बदलल्यावर जुने तास शोधत कोण बसणार.

खरी गोम टी-फोरच्या (वर्षभराच्या पगाराची जी स्लिप मिळते तिच्या) ८७ नंबरच्या बॉक्समध्ये आहे, आणि ती हॉलवर कोणी बोलतच नाही. कॉलचे जे थोडेफार पैसे मिळतात त्यातले १,००० डॉलरपर्यंत टॅक्स फ्री असतात आणि ती रक्कम या बॉक्समध्ये दिसते. पण रिटर्नच्या ओळ ३१२२० वर हे फायरफायटरचं क्रेडिट घेतलं की ही सूट गेली, ती रक्कम उत्पन्नात धरायची. दोन्ही हातात लाडू नाहीत! मी कागदावर मांडून बघितलं. सगळ्यात खालच्या स्लॅबलाही त्या हजारावर दोनशे टॅक्स लागत होता, म्हणजे फेडरल आणि प्रोव्हिन्स मिळून साडेदहाशेतून दोनशे गेले तरी साडेआठशे उरतात, म्हणून मी क्रेडिटच घेतलं. सर्च अँड रेस्क्यूवाल्यांना असंच वेगळं क्रेडिट आहे, पण दोन्हीकडे काम करत असलात तरी एकच घेता येतं, तास मात्र एकत्र मोजता येतात.

आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराला टॅक्सच बसत नव्हता, त्याला मात्र मी म्हटलं, तू क्रेडिटच्या नादी लागू नको, हजाराची सूटच ठेव.