'लोकल चुकली': लुआ प्लगिनची नोंद, आठवडा सहावा

माझं प्लगिन चूक दाखवायला कोडखाली जी लाल नागमोडी रेघ ओढतं, ती भलत्याच ठिकाणी का येते ते एकदाचं सापडलं. तीन रात्री गेल्या त्यात.

मागचं न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरसाठी लुआ या प्रोग्रामिंग भाषेचं प्लगिन, म्हणजे जोडपुस्ती, करतोय. कोड तपासणारा सर्व्हर पायथनमध्ये, पार्सिंगला (कोडची रचना ओळखायला) ट्री-सिटर ही लायब्ररी, एडिटरशी बोलणं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल या ठरलेल्या नियमांनी. तयार प्लगिन्स आहेत, ठाऊक आहे; मला आतली यंत्रणा हाताने जोडून बघायची आहे. पहिला इशारा लिहिला तो असा: लुआत व्हेरिएबलच्या आधी 'लोकल' लिहायचं राहिलं, की ते गुपचूप ग्लोबल होतं, म्हणजे प्रोग्रामभर सगळ्यांना दिसतं. रोज मुलुंडहून सीएसएमटी गाठणाऱ्या माणसाने या इशाऱ्याचा मजकूर दुसरा काय ठेवायचा? 'लोकल चुकली'. बायको म्हणाली, बदलू नकोस.

तर भानगड अशी. चाचणीच्या फाइलमध्ये एका ओळीत आधी 'मुंबई' छापायचं होतं आणि त्याच ओळीत पुढे 'टोटल'ला 'काउंट अधिक एक्स्ट्रा' द्यायचं होतं. रेघ 'टोटल'खाली हवी. आली कुठे, तर 'काउंट'च्या पोटातून सुरू होऊन अधिकच्या चिन्हापर्यंत. मोजून १० घरं उजवीकडे. इंग्रजी स्ट्रिंग असली की सगळं जागच्या जागी. माझा संशय दोन दिवस टॅबवर होता!

'मुंबई' डोळ्यांना ३ अक्षरं. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबात ५: म, उकार, अनुस्वार, ब, ई. ती साठवायच्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये प्रत्येकाचे ३ बाइट, म्हणजे १५. ट्री-सिटर कॉलम, म्हणजे ओळीतली जागा, बाइटमध्ये देतो. प्रोटोकॉल, वेगळं काही ठरवलं नसेल तर, यूटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगचे दोन-दोन बाइटचे एकक धरतो, ते इथे ५. पंधरातून पाच गेले, उरले माझे १०. प्रोटोकॉलच्या ३.१७ आवृत्तीपासून दुसरं एन्कोडिंग ठरवता येतं, पण समोरच्या एडिटरने हो म्हटलं तर. त्याच्या भरवशावर राहिलो नाही.

घाईत पायथनच्या 'लेन' या लांबी सांगणाऱ्या फंक्शनने युनिकोड कॅरेक्टर मोजले. मराठीला चाललं, म्हणून खूश होऊन झोपलो. सकाळी ठाणे-सीएसएमटी स्लो लोकलमध्ये खिडकी मिळाली, लॅपटॉप उघडला आणि गंमत म्हणून स्ट्रिंगमध्ये आगगाडीचा इमोजी टाकला. रेघ एक घर डावीकडे. पायथनला तो १, यूटीएफ-१६ ला २. आता ओळीचे तिथवरचे बाइट डीकोड करतो, यूटीएफ-१६ मध्ये बदलतो आणि लांबीला दोनने भागतो. कुर्ला यायच्या आत झालं.

दुसरी अडचण जास्त मजेची. 'गाडी' या टेबलनंतर (टेबल म्हणजे नावानिशी किमती ठेवायचा लुआचा साठा, त्यातलं एकेक नाव म्हणजे फील्ड) टिंब दिलं की फील्डच्या सूचना यायला हव्यात, पण लुआला ओळ संपल्याचं सोयरसुतक नाही. टिंबाच्या खालच्या ओळीत 'वेग = ५' असेल तर पार्सर दोन्ही जोडून 'गाडी.वेग = ५' असं बिनचूक वाक्य वाचतो. चूक नाहीच, आणि वर 'वेग'वरचा 'लोकल चुकली' इशाराही गायब! म्हणून सूचना काढताना कर्सरपाशी एक खोटं नाव आणि अर्धविराम घालून पार्स करतो. जुगाड आहे, पण चालतो.

मेटाटेबल, म्हणजे एखाद्या टेबलने कसं वागायचं ते ठरवणारं दुसरं टेबल, अर्धंच झालंय. फील्ड सापडलं नाही तर कुठे बघायचं ते त्यातलं 'इंडेक्स' सांगतं. 'इंडेक्स'मध्ये टेबल असेल तर त्याच्या मागोमाग जाऊन फील्ड दाखवतो. तिथे फंक्शन असेल, तर फील्ड कोणतं ते चालवल्याशिवाय कळणार नाही. अशा वेळी प्लगिन गप्प बसतं. आधी 'असं फील्ड नाही' म्हणून ओरडत होतं. दादरच्या मित्राने त्याच्या गेमचा कोड उघडला तेव्हा पान लालेलाल झालं आणि त्याने प्लगिन तिथल्या तिथे काढून टाकलं. त्याचं काही चुकलं नाही.

पुढच्या आठवड्यात 'रिक्वायर', म्हणजे एका फाइलने दुसरीला बोलावणं. एका फाइलमधून दुसरीत उडी मारायची आहे, आणि दोन फाइली एकमेकींनाच बोलावत असतील तर सर्व्हर गरगरत राहतो, तेही थांबवायचंय.