‘पाहणे’ नावाचा फोल्डर

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पुरवठादाराचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. ‘१५ दिवसांची मुदतवाढ तुमच्याच ऑफिसनं ईमेलवर दिली होती, त्यामुळे उशिराचा दंड कापता येणार नाही,’ असा मजकूर. उत्तर संध्याकाळपर्यंत जायला हवं होतं. मी ठामपणे म्हटलं, असं आपण काही कळवलेलं नाही. ऑर्डरच्या फायलीत तसा एकही कागद नव्हता.

पण तो व्यवहार बघणारे सहकारी नोकरी सोडून गेले होते. जाताना त्यांनी फायली समजावून सांगितल्या, कपाटाच्या किल्ल्या हातात दिल्या. मेलचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांचं खातं काढून टाकलेलं होतं.

आयटीच्या मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “किती दिवस झाले?” मी मोजून सांगितलं, २६. “मग मिळेल. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये काढलेलं खातं ३० दिवसांच्या आत परत आणलं तर मेलबॉक्सही येतो. नंतर माझ्या हातात काही नाही.” पत्र आठवडाभर उशिरा आलं असतं तर काय, या विचारानं माझ्या पोटात गोळा आला.

दुपारी मेलबॉक्स उघडला. डावीकडे फोल्डरांची रांग: ‘महत्त्वाचे’, ‘महत्त्वाचे २’, ‘साहेब’, ‘जुने’, ‘पाहणे’. ज्यांनी लावले त्यांना यातला प्रत्येक शब्द कळत असणार. मला एकाचाही उलगडा होईना. पुरवठादाराच्या नावानं शोधलं तर ढीगभर मेल आले, ‘मुदतवाढ’ टाकलं तर एकही नाही. मग एकेक उघडत बसलो.

पावणेचारला तो मेल सापडला, ‘पाहणे’मध्ये. विषयाच्या ओळीत नुसतं ‘फोटो’, कारण नमुन्याच्या फोटोंच्या जुन्या मेललाच दोघं उत्तरं देत गेले होते. आत दोन वाक्यं: ‘१५ दिवस चालतील. मात्र ही सवलत पहिल्या खेपेपुरतीच.’ आम्ही दंड लावला होता तो दुसऱ्या खेपेवर. म्हणजे आमची बाजू बरोबर होती, पण मी सकाळी जे बोललो ते साफ चूक होतं. तेच लेखी गेलं असतं तर आम्ही खोटे पडलो असतो. साहेबांनी मेल दोनदा वाचला आणि उत्तराला जोडून पाठवायला सांगितला.

दुसऱ्याच दिवशी मी सामायिक मेलबॉक्सचा, म्हणजे सगळ्यांना आपापल्या खात्यातून उघडता येईल अशा एकाच पत्त्याच्या मेलबॉक्सचा, आग्रह धरला. ऑर्डर क्रमांकाचा एक फोल्डर, आणि त्या ऑर्डरचा आलेला-गेलेला प्रत्येक मेल त्यातच. ‘ज्याची त्याची पद्धत असते’ असं काहीजण म्हणाले. मला ते पटत नाही. ऑर्डर ऑफिसची असते, तर तिचा पत्रव्यवहार एकाच्या खात्यात का राहावा?

सुरुवातीला अडचणी आल्याच. सामायिक पत्त्यावरून पाठवलेला मेल पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या ‘सेंट’ या पाठवलेल्या मेलच्या फोल्डरात जाऊन बसायचा, त्यामुळे फोल्डरात प्रश्न दिसे, उत्तर नाही. मॅडमनी सेटिंग बदलून त्याची प्रत सामायिक सेंटमध्येही पडेल असं केलं. मग ती तिथून ऑर्डरच्या फोल्डरात हलवायची, एवढं काम उरलं. आमच्या आउटलुकमध्ये सामायिक मेलबॉक्समधला मेल डिलीट केला तर तो डिलीट करणाऱ्याच्या कचऱ्यात जायचा, हेही तेव्हाच कळलं. एक मेल हरवला म्हणून आम्ही दोन दिवस शोधत होतो, तो शेजारच्या टेबलावरच्या खात्यात निघाला.

‘पाहणे’मध्ये आणखी बरेच मेल होते. शेवटी त्या सहकाऱ्यांनाच फोन केला. मेलचा विषय काढताच ते म्हणाले, “हो, दुसरी खेप आली की पाहायचं म्हणून ठेवला होता.” मग मी एकेक मेल वाचत गेलो, कुठला कुठल्या ऑर्डरचा ते सांगत गेले, आणि तो फोल्डर रिकामा होईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.